तान्ह्या बाळांचा श्वास आणि एक रखडलेली लस



धाप लागलेले तान्हे बाळ आमच्या विभागात येते, तेव्हा आई हमखास विचारते, ‘सगळ्या लसी वेळेवर दिल्या, तरी असे कसे?’ अशा अनेक बाळांच्या सूक्ष्म श्वासनलिका आर.एस.व्ही. या विषाणूने सुजलेल्या असतात.

१९५६ साली हा विषाणू सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये प्रथम आढळला. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेली लस बाळांना दिली गेली. हेतू शुद्धच होता. परंतु पुढे संसर्ग झाल्यावर लस घेतलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के बाळांना रुग्णालयात ठेवावे लागले. इतरांत हे प्रमाण ५ टक्के होते. दोन बाळे दगावली.

कारण उमगायला दशके गेली. विषाणूवरील एफ प्रथिन पेशीत शिरण्यापूर्वी एका आकारात असते. शिरताना ते उलगडून दुसराच आकार घेते. जुन्या लसीने शरीराला बहुतांशी हा दुसरा आकार दाखविला. चोर घरात शिरल्यावरचा, म्हणा ना! २०१३ मध्ये मॅक्लेलन, ग्रॅहम व सहकाऱ्यांनी पहिला आकार स्थिर केला. त्याच आधारावरील गर्भवतींच्या लसीला २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोहोचतात.

खाटेवर दात्याचे नाव लिहिता येते, परीक्षानळीवर नाही. म्हणून प्रयोगशाळेसाठी मागताना आम्हांस संकोच वाटतो. तरीही यंदा मागत आहोत. नाकातील स्राव तपासून विषाणू ओळखता आला, तर निष्कारण दिली जाणारी प्रतिजैविके टळतील, आणि त्या आईला नेमके उत्तर देता येईल.