शिरुईची लिली



मणिपूर राज्यात उखरुलजवळ शिरुई नावाचा सुमारे २,८०० मीटर उंचीचा डोंगर आहे. त्याच्या माथ्याकडील गवताळ उतारावर मे-जूनच्या पावसात एक रानलिली फुलते. रोप हात-दीड हात उंच. फूल घंटेसारखे खाली झुकलेले, फिकट गुलाबी. मणिपूरने या फुलास राज्यपुष्पाचा मान दिला आहे.

फ्रँक किंग्डन-वॉर्ड या इंग्रज वनस्पतिसंशोधकाने १९४६ साली येथून तिचे बी नेले आणि १९४८ साली पुन्हा येऊन ती फुललेली पाहिली. लिलियम मॅक्लिनी हे तिचे शास्त्रीय नाव त्याची पत्नी जीन मॅक्लिन हिच्यावरून पडले. जीनचे वडील मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश होते. ‘वॉर्डने शोध लावला’ असे वर्गात सांगताना मात्र थोडे थांबावे. डोंगराखाली राहणारे तांगखुल नागा लोक तिला पूर्वीपासून ‘काशोंग तिमरावोन’ म्हणत आले आहेत. शोध लागला तो शास्त्राच्या नोंदवहीपुरता!

ही लिली अन्यत्र रुजतच नाही, असेही सांगितले जाते. ते खरे नाही. वॉर्डने नेलेल्या बियांपासून ब्रिटनमधील बागांत ती वाढली. तिला थंड, दमट हवा हवी, इतकेच. आपल्या सखल गावी मात्र ती जगणे कठीण.

फूल दाखविता आले नाही, तरी कंद समजाविता येईल. वर्गात एक कांदा व एक लसणाचा गड्डा आणावा. कांद्याचे पापुद्रे एकात एक गुंडाळलेले असून वर कोरडी साल असते. लिलीच्या कंदास अशी साल नसते. जाड, मांसल खवले लसणाच्या पाकळ्यांप्रमाणे सुटे, परंतु उघडेच असतात. म्हणूनच तो उपटला की लवकर सुकतो. हिवाळ्यात रोप वाळले तरी पुढील वर्षाचे सारे बळ त्या कंदात साठलेले असते. फूल खुडल्यास त्या वर्षाचे बी जाते. कंद उपटल्यास रोपच जाते, आणि बियांपासून नवे रोप फुलावयास काही वर्षे लागतात.

पाहुण्यांनी हौसेने उपटलेले कंद हे शिरुईवरील लिली विरळ होण्याचे एक कारण आहे. दुसरे तितके ठळक दिसत नाही: खुजा डोंगरी बांबू उतारावर पसरत असून त्याच्या दाट जाळीत लिलीला जागा उरत नाही. प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने रोपे तयार झाली आहेत. परंतु ती लावावयाची तर प्रथम तो बांबू हटवावा लागतो.