सिडकोच्या घरावर चढलेला मजला

परवडणाऱ्या घराचा विषय निघाला की आपण लगेच चौरस फुटाच्या भावावर येतो. नाशकात गंगापूर रोडला काय चाललंय, पाथर्डी फाट्याला काय चाललंय! या विषयाचा अभ्यास करायला निघालेल्या विद्यार्थ्याला मी आधी नाशकातल्या सिडको वसाहतीत उत्तमनगर, पवननगर, त्रिमूर्ती चौक असं पायी फिरून यायला सांगेन.

सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांमागोमाग खानदेशातून, जिल्ह्यातल्याच कसमादे पट्ट्यातून कामगार नाशकात आले. १९७० साली स्थापन झालेल्या सिडको या राज्याच्या महामंडळानं त्यांच्यासाठी मोरवाडी, कामटवाडे, उंटवाडीच्या शिवारात सहा योजनांत मिळून सुमारे २५ हजार घरं बांधली. आजही माणूस पत्ता सांगतो तो 'चौथ्या स्कीमला' असाच. घर लहानसंच, पण जमिनीवरचं. वर आकाश मोकळं. खरी किमया तिथे होती. मुलगा कामाला लागला की मागे खोली निघाली, लग्न ठरलं की वर स्लॅब पडला, पुढच्या खोलीत शिलाई मशीन किंवा किराणा आला. ऐपत वाढेल तसं घर वाढत गेलं. इतक्या सोयीचा हप्ता कुठल्या बँकेनं दिला असता?

याची किंमतही मोजावी लागली. मोकळ्या जागा बुजल्या, जिने गल्लीत उतरले, खालच्या खोल्यांत भरदिवसा दिवा लागतो. अग्निशमनाचा बंब आत कसा शिरायचा, हा प्रश्न आहेच. वाढीव बांधकाम कागदावर अनधिकृत आणि जमीन भाडेपट्ट्याची होती, म्हणून घर विकायचं तर सिडकोचा ना हरकत दाखला लागत असे. तरीही ही वस्ती फसली, असं मी म्हणणार नाही.

दुसरा मार्ग पुढे आला : केंद्राच्या जवाहरलाल नेहरू शहरी नूतनीकरण अभियानातून चुंचाळ्याला झोपडपट्टीवासीयांसाठी बहुमजली घरकुलं उभी राहिली. डोक्यावर पक्कं छप्पर आलं, पण तिसऱ्या मजल्यावरच्या भाजीवाल्यानं हातगाडी कुठे लावायची?

आता तिसरा मार्ग. दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरात चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर गृहप्रकल्प झाला, तर वीस टक्के घरं अल्प उत्पन्नवाल्यांसाठी ठेवायची, असा नियम राज्यानं २०१३ मध्ये केला. नाशिकची लोकसंख्या २०११ मध्येच १४ लाख ८६ हजार होती. ही घरं सोडतीसाठी म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाकडे पोचतच नाहीत, भूखंडांचे तुकडे पाडून नियमाला बगल दिली जाते, असे आरोप झाले. २०२२ मध्ये प्रकरण विधान परिषदेत गाजलं आणि महापालिका आयुक्तांची बदली झाली.

नियम मला पसंत आहे. मोलकरीण आणि मालकीण एकाच आवारात राहिल्या तर बिघडलं कुठे? पण अभ्यासकानं सोडतीत घर लागलेल्यांना एक विचारावं : कर्जाचा हप्ता भरल्यावर लिफ्ट, पाण्याचा पंप, रखवालदार यांचा महिन्याचा देखभाल खर्च कुठून काढता? चौथ्या स्कीमच्या रो-हाऊसला हा खर्च नव्हता.