शिशावाचून क्ष-किरणांचा वेध



छातीचे क्ष-किरणचित्र काढताना तंत्रज्ञ सांगतो, “श्वास रोखा.” त्या क्षणी अंगातून किती किरण जावे लागतात, हे पलीकडची पाटी किती संवेदनशील आहे यावर पुष्कळसे अवलंबून असते. पाटी मंद, तर किरण अधिक. आम्ही आज बोलणार आहोत ते या पाटीविषयी.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्त्सबुर्ग येथे राँटगेन यांना बेरियमच्या एका क्षाराचा लेप दिलेला पडदा चमकताना दिसला. तेव्हापासून अधिक डोळस पडद्याचा शोध चालूच आहे. किरण अडवायचे तर अणू जड हवा. शिशाचा अणुक्रमांक ८२. म्हणून शिसे असलेल्या पेरोव्हस्काइट स्फटिकांकडे संशोधक वळले. १८३९ साली उरल पर्वतातल्या एका खनिजावरून ओळखले गेलेले हे नाव आज त्या घडणीच्या साऱ्या कुळाला लागते. हे स्फटिक द्रावणातून वाढविता येतात, हा त्यांचा गुण. ओलाव्याने बिघडतात, हा दोष.

कोणी म्हणेल, क्ष-किरणांच्या खोलीच्या भिंतींतही शिसे असतेच की! असते, पण ते धातुरूप, जागचे न हलणारे. स्फटिकातले शिसे क्षाररूप असते. ते पाण्याबरोबर बाहेर पडू शकते, आणि पोटात गेलेले शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते. शिशाचा शेजारी बिस्मथ, क्रमांक ८३. तो जडपणात उणा नाही, विषारीपणात मात्र पुष्कळ सौम्य; त्याचे काही क्षार पोटाच्या औषधांत वापरतात.

पण नुसते शिसे काढून भागत नाही. पाटीला विद्युत्दाब दिला की स्फटिकातले आयनही सरकू लागतात, आणि किरण नसतानाच प्रवाह डळमळतो. चोहीकडे दारे असलेल्या वाड्यात माणसे भटकावीत तसे हे. यावर उपाय म्हणजे मिती कमी करणे. जिने काढून टाकले की मजले सुटे होतात. ही द्विमित रचना. प्रत्येक खोलीच वेगळी केली की ती शून्यमित.

२०१९ साली चिनी संशोधकांनी अमोनियम, बिस्मथ व आयोडीन यांच्या थरदार स्फटिकाने सेकंदाला ५५ नॅनोग्रे इतकी क्षीण मात्रा ओळखली. नेहमीच्या रोगनिदानासाठी साडेपाच मायक्रोग्रे हे प्रमाण धरतात. त्याचा हा शंभरावा हिस्सा. ही किमया थरांना आडवे छेदून मोजताना साधली. थरांच्या दिशेने मोजले तर संवेदनशीलता वाढते, पण नको असलेला प्रवाहही वाढतो. भिंती आयनांना अडवितात, तशा उपयोगी विद्युत्भारांनाही अडवितात. फुकट काहीच मिळत नाही.

म्हणून उद्याच रुग्णाची मात्रा शंभरपट घटेल, असे आम्ही म्हणणार नाही. लहान स्फटिकापासून छातीएवढ्या एकजिनसी पाटीपर्यंतची वाट लांब आहे. परंतु रोग पाहण्यासाठी माणसाला थोडा कमी त्रास व्हावा आणि पाहण्याच्या साधनानेच विष मागे ठेवू नये, ही दिशा आम्हांस योग्य वाटते.