पेयाहार : लाभ आणि मर्यादा

जेवणाऐवजी पोषक पेय, हा निव्वळ जाहिरातबाजीचा खेळ नव्हे. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या संशोधनात मधुमेहींना तीन ते पाच महिने अन्न वर्ज्य करून केवळ अशी पेये व सूप दिले गेले. दिवसाकाठी जेमतेम ८२५ ते ८५३ कॅलरी. मधुमेहाची औषधे बंद करूनही वर्षअखेर ४६ टक्के रुग्णांची रक्तशर्करा मधुमेहाच्या पातळीखाली राहिली. यश मोठेच! परंतु दुसऱ्या वर्षाअखेर हे प्रमाण ३६ टक्क्यांवर उतरले. पेयाने वजन घटते; घटलेले वजन टिकवायचे ते पुन्हा वाढलेल्या ताटासमोर बसूनच. शिवाय प्रशिक्षित परिचारिका वा आहारतज्ज्ञ सतत पाठीशी होते. दुकानातून परस्पर डबा आणणाऱ्याच्या पाठीशी कोण असते? आणि इन्सुलिन घेणारे रुग्ण तर या प्रयोगात घेतलेच नव्हते.