औषध जपून घ्यावे, मनाने सोडू नये
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात झालेले भाषण)



मंडळाच्या स्थापनेच्या वेळी ज्यांनी पंचविशीच्या उत्साहाने सतरंज्या अंथरल्या आणि नाटकाचे पडदे ओढले, ती मंडळी आज पंचाहत्तरीत आहेत. मंडळ पन्नास वर्षांचे झाले, त्याबरोबर आपली हाडेही पन्नास वर्षांनी जुनी झाली. म्हणून हाडांच्या ठिसूळपणावर, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसवर, चार शब्द सांगावेत अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. रोगाविषयी पुष्कळ बोलले जाते. आम्ही त्याच्या औषधांपासून होणाऱ्या त्रासाविषयी बोलणार आहोत. कारण या औषधांनी होणाऱ्या अपायापेक्षा त्यांच्या धास्तीने होणारा अपाय आम्ही अधिक पाहिला आहे.

आमच्या एका रुग्ण भगिनी डेनोसुमॅब नावाचे, दर सहा महिन्यांनी त्वचेखाली टोचावयाचे इंजेक्शन घेत असत. त्रास काही नव्हता. पुढे कोणी तरी सांगितले की, या औषधाने जबड्याचे हाड कुजते. त्यांनी इंजेक्शन थांबविले व आम्हांस कळविले नाही. शेवटच्या इंजेक्शनला वर्ष होते न होते तोच, पाण्याची बादली उचलताना पाठीत कळ आली. क्ष-किरण चित्रात तीन मणके दबलेले दिसले. या औषधाचा अंमल ओसरला की, थोपवून धरलेली झीज दुप्पट जोराने उसळते. म्हणून त्याची तारीख सहा महिन्यांच्या पुढे महिनाभराहून अधिक कधीही लांबवू नये, आणि ते बंद करावयाचेच तर त्याच्या जागी दुसरे औषध द्यावे लागते. हे आम्ही त्यांना वेळीच ठासून सांगितले नव्हते; तेव्हा दोष त्यांच्यापेक्षा आमचा अधिक.

आता गोळ्यांकडे वळू. आठवड्यातून एकदा घ्यावयाची अॅलेंड्रोनेटची गोळी अनेकांना परिचित आहे. तिच्यामुळे छातीत जळजळते, ही नेहमीची तक्रार. गोळी अन्ननलिकेत रेंगाळली की तेथील अस्तर दुखावते; त्रासाचे मूळ बहुधा एवढेच. सकाळी उठल्यावर अनशापोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर ती गिळावी आणि पुढे अर्धा तास ताठ बसावे किंवा उभे राहावे. त्या अर्ध्या तासात चहा, दूध किंवा कॅल्शियमची गोळी घेऊ नये. नाही तर औषध अंगी लागत नाही. साष्टांग नमस्कार किंवा वाकून रांगोळी काढणेही नंतरच करावे. वार ठरवून ठेवावा. विसर पडल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी एक गोळी घ्यावी, एकाच दिवशी दोन घेऊ नयेत. गिळताना दुखू लागल्यास गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना भेटावे. ज्यांना अर्धा तास ताठ बसवत नाही किंवा ज्यांची अन्ननलिका अरुंद झाली आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग नव्हे.

अशांना वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रोनिक अॅसिड देता येते. पहिल्या वेळी तिघांपैकी एकाला दोन-तीन दिवस ताप, कसकस आणि अंगदुखी होते; तिसऱ्या वर्षी हे प्रमाण शंभरात तिघांपर्यंत उतरते. आदल्या दिवशी व त्या दिवशी भरपूर पाणी प्यावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घ्यावे. मूत्रपिंडांचे कार्य आणि रक्तातील कॅल्शियम मात्र आधी तपासून घ्यावे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत या औषधाने तीन वर्षांत मणके मोडण्याचे प्रमाण ७० टक्क्यांनी आणि खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण ४१ टक्क्यांनी घटले. दोन दिवसांच्या तापाचे मोल या आकड्यांच्या तराजूत तोलावे.

जबड्याच्या हाडाचा विकार खरा आहे. परंतु ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत तो अत्यंत विरळा. दात काढावयाचे असतील तर ते औषधापूर्वी काढून घ्यावेत, आणि औषध चालू असल्यास दंतवैद्यास तसे सांगावे. दुसरा विरळा अपाय मांडीच्या हाडाचा. अनेक वर्षे औषध घेतल्यावर क्वचित ते हाड विशेष आघाताशिवाय मोडते. त्याआधी काही आठवडे मांडीत किंवा जांघेत बोथट दुखत राहते. हे दुखणे संधिवात समजून तेल चोळीत बसू नये. क्ष-किरण चित्र काढावे. गोळ्या पाच वर्षे, वार्षिक औषध तीन वर्षे झाल्यावर पुढे चालू ठेवावे की विश्रांती द्यावी, याचा फेरविचार करतात. अशी विश्रांती डेनोसुमॅबला मात्र लागू नाही, हे पुन्हा सांगतो.

जोडीला घ्यावयाच्या साध्या औषधांतही घोटाळे होतात. कॅल्शियमने बद्धकोष्ठ झाल्यास पाणी, भाज्या आणि चालणे वाढवावे. तरीही न सुटल्यास प्रकार बदलून घ्यावा. 'ड' जीवनसत्त्वाची साठ हजार एककांची पुडी आठवड्याची असते. ती रोजची समजून घेतल्याने मळमळ, गळाठा आणि मूत्रपिंडांना इजा झालेली आहे. कागदावर वार लिहून तो स्वयंपाकघरात चिकटवावा.

शेवटी एकच मागणे. त्रास झाला तर सांगा. मात्रा, मार्ग किंवा औषधच बदलता येते. न सांगता सोडलेल्या औषधापुढे मात्र आमचा इलाज चालत नाही. हीरकमहोत्सवालाही ही पुढची रांग आपल्या पायांनी चालत येवो, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.