चोवीस दिवस आणि एक सही



मी वाशीम जिल्ह्यातल्या मेडशीचा. अकोल्याहून पातूरचा घाट ओलांडून मालेगावकडे निघालं की वाटेत आमचं गाव लागतं. एके काळी विधानसभेच्या मतदारसंघालाही या गावाचं नाव होतं. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. कायद्याशी माझा संबंध सातबाऱ्यापुरता. पण 2025 च्या उन्हाळ्यात भाचीपायी मलाही कायद्याच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करावा लागला.

भाची बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी सीईटी द्यायची, हे तिनं फॉर्मची मुदत संपता संपता ठरवलं. तयारीला लागलो तेव्हा हातात उरले चोवीस दिवस. आपाची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, अट होती : यंदा जमलं तर ठीक, नाहीतर आलेल्या स्थळाला होकार द्यायचा. शिकवणी लावायला वेळ नव्हता आणि पैसाही नव्हता. भाची म्हणाली, "मामू, तुम्हीच रोज माझी परीक्षा घ्या."

आधी आम्ही परीक्षा समजून घेतली. आपल्या राज्यात कायद्याच्या प्रवेशासाठी ही सीईटी 2016 पासून सुरू झाली. पूर्वी 150 प्रश्न असत. 2025 पासून 120 झाले. वेळ दोन तास. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. त्यात 40 प्रश्न इंग्रजीचे, 32 सामान्यज्ञान आणि चालू घडामोडींचे, 24 तर्काचे आणि 24 कायद्याच्या जाणिवेचे. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. त्यामुळे पहिला नियम ठरला : एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

दुसरा नियम ठेच लागल्यावर कळला. आम्ही जुनं, वापरलेलं पुस्तक स्वस्तात आणलं होतं. त्यात सगळी भारतीय दंड संहितेची कलमं. पण 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. खुनाच्या शिक्षेचं 302 कलम आता 103 झालं. आपण ज्याला 'चारशेवीस' म्हणतो तो माणूसही आता 318 कलमात गेला! तेव्हा थोड्या दिवसांत तयारी करणाऱ्यांनी पुस्तकाचं साल आधी पाहावं.

सकाळी रेडिओच्या बातम्या आणि वर्तमानपत्र, दुपारी इंग्रजी उतारे, रात्री घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका. नवीन पुस्तक आणायचं नाही; चुकलेले प्रश्न वहीत लिहून तेच पुन्हा सोडवायचे. एवढाच आमचा कार्यक्रम.

कायद्याच्या प्रश्नांत मात्र मी सपाटून आपटलो. तिथं आधी एक तत्त्व दिलेलं असतं, मग एक प्रसंग. तत्त्व प्रसंगाला लावायचं, बस. एका प्रश्नात भुकेला माणूस दुकानातून पाव उचलतो. मी म्हणालो, "ही चोरी नव्हे." भाची हसली. "मामू, तत्त्व वाचा. दुसऱ्याची वस्तू त्याच्या संमतीवाचून, लबाडीच्या हेतूनं नेली तर चोरी. यात भूक कुठं लिहिली आहे?" कवीचं मन आपल्या पदरचं घालून वाचतं. परीक्षेत लिहिलंय तेवढंच वाचावं लागतं.

सतराव्या की अठराव्या रात्री 1872 च्या करार कायद्यावरचा प्रश्न आला. तत्त्व असं : दोन माणसं एकाच गोष्टीला एकाच अर्थानं कबूल झाली, तर ती संमती. प्रसंगात एक पुतण्या म्हाताऱ्या काकांची कागदावर सही घेतो. काकांना वाटतं पेन्शनचा अर्ज आहे, असतो कर्जाचा कागद. मी घाईनं म्हणालो, "सही आहे ना? मग झालं."

भाचीनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "मामू, अम्मीनं हक्कसोडपत्रावर सही केली, तेव्हा तिला ते कुणी वाचून दाखवलं होतं?"

अब्बांच्या मागे जमीन माझ्या नावावर झाली, तेव्हाची ती सही. मी बी.ए., आपा सातवी शिकलेली. "आपा, इथं सही कर," म्हणालो, तिनं केली. दडपण नव्हतं, फसवण्याचा विचारही नव्हता. पण वाचून दाखवलं नव्हतं, हेही खरं. मी भाचीला तसं सांगितलं. ती काही बोलली नाही. पुढचा प्रश्न वाचू लागली.

परीक्षा झाली, निकाल लागला, प्रवेश मिळाला. भाची आता अकोल्याला कायदा शिकते. स्थळाचा विषय आपानंच बाजूला ठेवला.

निकालानंतर मी पेटीतलं ते हक्कसोडपत्र काढलं आणि आपासमोर बसून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. तिनं शांतपणे ऐकलं. म्हणाली, "तेव्हा वाचलं असतंस तरी मी कदाचित सही केली असती. पण तू विचारायला हवं होतंस."

तिचा वाटा तिच्या नावे करून द्यायचं आम्ही ठरवलं आहे. त्याचा मसुदा भाचीनं दोनदा वाचून आईला समजावून सांगितला; एका शब्दावर अडून तो बदलायलाही लावला.

विद्यार्थी मित्रांनो, दिवस थोडे असले तरी घाबरू नका. एका प्रश्नाला एक मिनिट पुरतं, पण त्यातला अर्धा वेळ वाचायला द्या. आणि घरातल्या मोठ्यांनो, कुणाला सही करायला सांगण्याआधी कागद त्याला वाचून दाखवा. हे मला पन्नाशीनंतर एका प्रश्नपत्रिकेनं शिकवलं.