वस्तीतला कार्यकर्ता



आजचा विषय फार लांबचा नाही. आपल्या तालुक्यात गावाच्या शिवाराला लागून 'पारधी पिढी' म्हणून ओळखली जाणारी वस्ती असते. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी तिकडे वळते. याचे आपणांस नवल वाटत नाही, हेच मला नवल वाटते.

इंग्रज सरकारने 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि मूल जन्मताच त्याला गुन्हेगार ठरविले. देश 1947 साली स्वतंत्र झाला. हा कायदा मात्र 31 ऑगस्ट 1952 रोजी उठला, म्हणजे पाच वर्षे सोळा दिवसांनी! पुढे सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि जुनी नजर तशीच राहिली. 2024 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांतील जातिभेदाचे नियम रद्द करताना सांगावे लागले की, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये.

निकाल दिल्लीत लागला. पण रात्री दोन वाजता पालावरून माणूस उचलला, तर तो निकाल तेथे कोणी न्यावयाचा? आमच्यासारखे शहरातले हितचिंतक त्या वेळी झोपलेले असतात. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की कार्यकर्ता त्याच वस्तीतला हवा आणि त्याला रीतसर शिकविले पाहिजे.

काय शिकवावे? भाषण करणे तर मुळीच नको. घड्याळ शिकवावे. "नवऱ्याला कधी नेले?" असे विचारले तर बाई सांगते, "दिवस कासराभर वर आला होता." तिचे सांगणे खरेच असते, पण न्यायालयाला तास आणि मिनिट लागते. कारण अटकेपासून प्रवासाचा वेळ वगळता 24 तासांच्या आत माणसाला दंडाधिकाऱ्यापुढे उभे केलेच पाहिजे, असे घटनेचे 22 वे कलम सांगते. तो तास लिहिलेला नसला, तर कलम असून नसल्यासारखे. गाडीचा क्रमांक, नेणाऱ्याचे नाव, अटकेचे कारण सांगितले की नाही, नातलगास कळविले की नाही, हे सारे वहीत उतरले पाहिजे. कोठडीतल्या माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, 1987 च्या कायद्याप्रमाणे सरकारी खर्चाने वकील मिळतो, हेही घराघरांत माहीत हवे.

पश्चिम बंगालातल्या पुरुलियाची हकीकत सांगतो. फेब्रुवारी 1998 मध्ये बुधन सबर हा खेडिया सबर जमातीचा तरुण अटकेत मरण पावला. आत्महत्या, असे सांगण्यात आले. महाश्वेतादेवींच्या सहवासात तयार झालेल्या तिथल्या सबर समितीने घरच्यांकरवी त्याचा देह पुरून ठेवला आणि लोकांदेखत पुतळा जाळला. त्यामुळेच दुसरी शवचिकित्सा होऊ शकली; कलकत्ता उच्च न्यायालयाने पुढे त्याच्या पत्नीस नुकसानभरपाई देवविली. ऐन दुःखात इतके भान राहणे, यालाच मी शिक्षण म्हणतो. त्याच वर्षी महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातले 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी देशपातळीवर संघटना उभारली.

आता एक कडू गोष्ट. चार कलमे पाठ झालेला तरुण हळूहळू मध्यस्थ बनतो. "साहेबांशी बोलतो, पाच हजार काढा," असे तो आपल्याच चुलतीला म्हणू लागतो. हा धोका मी लहान मानत नाही. ठाण्यात जाताना दोघे असावेत, त्यांत एक बाई असावी, आणि पैशाचा हिशेब पालावर मोठ्याने वाचला जावा. तेवढ्याने भागेल असे मी म्हणत नाही; पण तेवढे तरी करावेच. आणि ज्याच्यावर खटले झाले आहेत त्याला चारित्र्याचा दाखला मागून आपण बाहेर ठेवतो, ते थांबावे. कोठडीचे दार आतून पाहिलेला माणूस या कामात अधिक उपयोगी पडतो.

सभेत वकील मंडळी बसलेली दिसतात. महिन्यातला एक रविवार त्यांनी या मुलामुलींना द्यावा. वह्या आणि भिंतीवरची घड्याळे आपण वर्गणीतून घेऊ. वकिलांकडून आणखी एक मागणे आहे: रात्री वाजला तरी उचलला जाईल, असा एक दूरध्वनी क्रमांक.